खळ लावलेल्या तारा

आमच्या दारात मोटार आली त्या दिवशी अम्मानं तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, दोन दिव्यांच्या मधोमध कुंकू लावलं, आणि मग नायनांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हळूच विचारलं, "अवो, हिचं वय काय म्हनायचं?" नायना म्हणाले, "लक्ष्मीला वय इचारू न्हाई." पण ही लक्ष्मी आमच्याकडं यायच्या आधी दोन-तीन घरं फिरून आलेली आहे हे मलासुद्धा कळत होतं. टपाच्या कापडाला जागोजाग ठिगळं, मागच्या गादीतून काथ्या बाहेर आलेला, आणि डावा दिवा रुसल्यासारखा खाली बघणारा. आमच्या घरात बोलणं तेलुगूत चालायचं, उंबऱ्याबाहेर मराठीत. इथं मात्र मी घरच्यांनाही आमच्या सोलापुरी मराठीतच बोलायला लावते आहे, कारण माझ्या नातवंडांना तेलुगू येत नाही आणि हे लिहिणं त्यांच्यासाठीच चाललं आहे.

ती मोटार घेण्यासाठी नायनांनी आमचे दोन्ही माग विकले. हातमागाचे दिवस भरत आले होते आणि साखर पेठेतल्या आमच्या गल्लीतली निम्मी माणसं गिरणीत गेली होती. सोलापुरात त्या काळी घरात घड्याळ नसलं तरी कुणाचं अडत नसे. गिरणीचा भोंगा माणसांना उठवायचा, भोंगाच जेवायला बसवायचा, आणि भोंगा झाला की हातातला घास तसाच टाकून लोक पळत सुटायचे. नायनांना त्या आवाजाचा मनापासून तिटकारा होता. "भूक माजी आन् भोंगा त्यांचा?" असं ते म्हणायचे. मागावर बसलेला माणूस पाय दुखले की उठतो, तहान लागली की पाणी पितो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. माझे थोरले काका गिरणीत होते. त्यांनी जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, कानावर घालून नायनांसाठी जागासुद्धा बघून ठेवली होती. नायना त्यांना म्हणाले, "वरीसभर थांब दादा. मोटार न्हाई चालली तर मुकाट येतो." मग सोलापूर ते अक्कलकोट, वळसंगवरून, अशी त्यांची उतारूंची सर्व्हिस सुरू झाली. अशा मोटारींची वर्षातून एकदा पोलिसांच्या मैदानावर तपासणी व्हायची, तिला सगळे पासिंग म्हणायचे. दिवे, ब्रेक, हॉर्न सगळं साहेबापुढं चालवून दाखवायचं. चाललं तर पुढच्या वर्षाचा परवाना, नाही चाललं तर उतारू घ्यायचे नाहीत. दसऱ्यानंतर आमची पाळी होती, आणि मोटार पास झाली नाही तर नायना गिरणीत जाणार, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं.

मोटारीचं इंजिन वाईट नव्हतं. तिचं सगळं दुखणं विजेच्या सामानात होतं, आणि ते दुखणं म्हाताऱ्या माणसासारखं रोज जागा बदलायचं. आज डावा दिवा बंद, तो दुरुस्त करावा तर उद्या उजवा. दोन्ही लागले तर हॉर्न मुका. हॉर्न बोलता झाला तर समोरच्या फळीवरचा वीज दाखवणारा छोटा काटा मेल्यासारखा पडून राही. बटण दाबून सुरू होण्याचं सुख आम्हाला आठवड्यातून एखाद्या दिवशी मिळे. एरवी नायना पुढं वाकून हँडल मारायचे आणि अम्मा चुलीपाशी बसून मोजायची. विसाच्या पुढं गेलं की ती भाकरी थापायची थांबून देवाचं नाव घ्यायची. बॅटरीची लाकडी पेटी चिरली होती, तिच्यातलं पाणी माझ्या परकरावर सांडलं आणि दोन दिवसांनी तिथं चाळणीसारखी भोकं पडली. अंबाडीची भाजी, भाकरी आणि शेंगांची चटणी असं साधं जेवण ताटात असायचं, पण जेवणात बोलणं फक्त मोटारीचं. मला तेव्हा तिचा इतका राग यायचा की एकदा मी तिच्या मडगार्डला लाथ मारली. लागलं मलाच.

नायनांचे मित्र उस्मानचाचा मोटारींचे मिस्त्री होते. थुलथुलीत, सदा घामेजलेले, आणि बोलायला लागले की दखनीशिवाय दुसरी भाषा नाही. एका रविवारी त्यांनी फळी उचकटली, आत हात घातला आणि मूठभर काळा भुगा बाहेर काढून आमच्यापुढं धरला. "देखो. तार के ऊपर का रबर है ये. पूरा मर गया." तारांवरचं रबर उन्हानं कडक होऊन पापडाच्या तुकड्यांसारखं गळत होतं, वरचं कापड नुसतं हात लावला की विरत होतं, आणि उघड्या तारा एकमेकींना चिकटून भांडत होत्या. आतलं तांबं मात्र चांगलं होतं. नवी तार मिळायला वेळ लागणार होता आणि काळी चिकटपट्टी सोलापूरच्या उन्हात वितळून लोंबायची. उस्मानचाचा म्हणाले, "तुमारे घर में सूत है ना? बारीक सूत लपेटो, ऊपर से लाख का रोगन मारो, दो हात. दस साल देखना नक्को." त्यांची बोटं केळ्यांएवढी जाड होती, नायनांचं रोजचं हँडल मारून मनगट सुजलेलं. मी सहा वर्षांची असल्यापासून मागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरत होते. तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. दोघांनी एकदमच माझ्याकडं बघितलं.

ते काम मी जीव ओतून केलं. एकेक तार सोडवायची, भुगा पुसून काढायचा, आणि सुताचा वेढा वेढ्याला भिडवत गुंडाळत जायचं, मध्ये तांबं दिसता कामा नये. माग गेले तरी लुगड्याच्या काठाचं रंगीत सूत घरात उरलं होतं. हॉर्नच्या तारेला मी लाल लावलं, दिव्यांच्या तारांना पिवळं, बॅटरीकडं जाणाऱ्या जाड तारेला निळं. तेवढे दिवस मोटार बंद होती. संध्याकाळी नायना येऊन हात पाठीमागं बांधून बघत उभे राहायचे. अम्मा म्हणाली, "मोटारीला लुगडं नेसवतीया का काय पोरगी!" पण तिलाही कौतुक होतं, हे ती शेजारणींना बोलावून दाखवायची त्यावरून कळायचं.

राहिलं ते रोगन, स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. उस्मानचाचांनी डबा आणून दिला. मी झाकण उघडलं आणि स्पिरिटचा भपकारा घरभर गेला. अम्मा देवासमोर बसली होती, ती ताडकन उठली. तिचा भाऊ दारूनं गेला होता आणि त्या वासावर तिनं जन्माचा डूख धरलेला. "ह्यो वास माज्या घरात न्हाई पायजे," ती म्हणाली आणि डबा उचलून परसात नेऊन ठेवला. मी सांगून बघितलं की हे प्यायचं नाही, लावायचं आहे. "लावायचं असंल तर भायेर लाव." बाहेर लावायला तारा मोटारीत होत्या आणि मोटार घराच्याच भिंतीला लागून असलेल्या मागाच्या शेडमध्ये. मी दोन दिवस चिडून बसले. तिसऱ्या दिवशी मला सुचलं ते सुचायला विणकराच्याच घरात जन्म घ्यावा लागतो. सुताला ताठ करायला आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या खळ होती. जोंधळ्याच्या पिठाची खळ शिजवून ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, पाजायची, वाळली की धागा तारेसारखा होतो, मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याचे हजार तडाखे खातो आणि तुटत नाही. मग ह्या तारांनी असं काय घोडं मारलं होतं? मी खळ शिजवली, पातळ, गुठळी राहू न देता, आणि बोटांनी प्रत्येक तारेला दोनदा पाजली. वाळल्यावर अशी चकाकी आली की माझाच ऊर भरून आला. उस्मानचाचांनी विचारलं, "लगाई?" मी हौ म्हणून मान हलवली. काय लावलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढचे तीन महिने आमच्या घरातले सोन्याचे दिवस होते. कडक उन्हाळा, सगळं कोरडंठाक, आणि मोटार बटणावर चालू. दोन्ही दिवे लागत, हॉर्न असा वाजे की वळसंगच्या वेशीतली शेळ्यांची खांडं रस्ता सोडून पळत. दुधनीकडचे एक गौडा नेहमी आमच्या मोटारीनं यायचे, ते कानडी हेल काढून नायनांना म्हणत, "म्हातारीला वयात आणलं की हो तुम्ही!" नायना माझं नाव सांगायचे. परक्या माणसापुढं बापानं पोरीचं नाव कौतुकानं घ्यावं असे ते दिवस नव्हते, पण ते घ्यायचे. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की आपला हॉर्न एकदा उगीचच वाजवायचे आणि हसायचे.

पावसाळा सुरू झाला आणि मोटार पुन्हा कुरकुरायला लागली. सकाळी दमट हवा असली की दिवे मिणमिणत, दुपारी ऊन पडलं की आपोआप ठीक होत. आता संशय कुणावर? तारा तर नव्या. मीच सगळ्यांना ठणकावून सांगत होते, "तारांकडं बगूच नका, तारा माज्या हायत." म्हणून बॅटरीवर संशय गेला. तिच्या प्लेटी काढून साफ केल्या, पेटीला डांबर भरलं. मग डायनामोवर संशय गेला. त्याचे झिजलेले कार्बन काढून नवे बसवले, ते बसेनात, ते कानसून बसवले. मग दिव्यांच्या बुडांवर, मग बटणावर. उस्मानचाचा एकेक भाग खोलायचे, त्यात म्हातारपण सापडायचंच, आणि सापडलं की आम्हाला वाटायचं हाच चोर. दोन दिवस बरं चालायचं. तिसऱ्या दिवशी वळसंगच्या पुढं उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावायची वेळ. नायनांचा स्वभाव मुळात गरीब, पण त्या दिवसांत ते भाकरी कडक झाली म्हणून ताट सरकवून उठायला लागले. उस्मानचाचा एकदा पाना फेकून म्हणाले, "इसकू बावडी में ढकलो, मैं मदद करतूं." मी मात्र त्या सगळ्यांवर चिडत होते. मी माझं काम चोख केलं होतं आणि ह्या मोठ्या माणसांना एक साधी बॅटरी ताळ्यावर आणता येत नव्हती, असं माझं ठाम मत होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाही. माग विकले तेव्हा मागावर बसून पाय सोडायचे खड्डे आम्ही भुसभुशीत मातीनं भरून टाकले होते आणि त्यावरच मोटार उभी असायची. माग होते तोवर घरात मांजर होतं, कारण खळ पाजलेल्या सुतावर उंदीर पडतात हे विणकराच्या घरातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. माग गेले तेव्हा मांजर आपणहून शेजारच्या घरी गेलं. त्यांच्याकडं अजून दोन माग होते.

पासिंगच्या आदल्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. आम्ही सगळं तीन तीनदा चालवून बघितलं. डावा दिवा, उजवा दिवा, मागचा लाल दिवा, हॉर्न. सगळं बिनचूक. दसऱ्याचा झेंडूचा हार सुकला होता तो काढून अम्मानं नवा घातला. सकाळी नायनांबरोबर आणि उस्मानचाचांबरोबर मी हट्ट करून मैदानावर गेले. रांगेत सात-आठ मोटारी उभ्या होत्या, त्यांचे मालक धुतलेले सदरे घालून आपापल्या मोटारीशेजारी उभे. साहेब आमच्यापाशी आला. ब्रेक बघितले, चाकं बघितली, मान हलवली. मग म्हणाला, "दिवे लावा."

नायनांनी दिव्याची कळ ओढली आणि हॉर्न वाजायला लागला. त्यांनी कळ परत ढकलली, तरी वाजतच राहिला. हॉर्नच्या बटणावर मूठ मारली, तरी वाजतच राहिला. दिवा एकही लागला नाही. रांगेतले लोक आधी दचकले आणि मग हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "आरं, गिरणी सुटली का काय?" तेवढ्यात फळीच्या फटीतून धूर आला. उस्मानचाचा "तार खींचो! तार खींचो!" म्हणत धावले, पण त्यांच्या आधी नायनांनी फळीखाली हात घालून निळी तार हिसडून काढली होती. हॉर्न थांबला. नायनांच्या तळव्यावर तारेचा लाल वळ उठला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं थोडा वेळ वाट बघितली, मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी या." नायना म्हणाले, "साहेब, काल समदं चालत हुतं." साहेब म्हणाला, "मला आजचं बघायचं असतं," आणि पुढच्या मोटारीकडं गेला.

उस्मानचाचांनी तिथंच फळी उचकटली. आतून त्यांनी जे बाहेर काढलं ते तळहातावर ठेवून आमच्यापुढं धरलं. उंदराचं घरटं होतं. लाल, पिवळं, निळं, माझ्या हातानं वेढा वेढ्याला भिडवलेलं सूत कुरतडून, पिंजून, मऊ गादी केलेली, आणि तिच्यात डोळे न उघडलेली चार पिल्लं. तारा जागोजाग नागड्या झाल्या होत्या, आणि उरलेलं सूत पावसाळी हवेची ओल धरून मऊ पडलं होतं. उस्मानचाचांनी एका तारेवरचं उरलेलं सूत नखानं खरवडलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडं वळले. "ये लाख नहीं है. क्या लगाई तू?" त्यांनी ती तार माझ्यापुढं नाचवली. "मैं लाख बोल्या था ना? लाख कू चूहा मूं नहीं लगाता. तू हौ बोली थी ना मेरे कू?" त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांचं प्रत्येक अक्षर खरं होतं. मला वाटलं होतं आता नायना विचारतील. पण ते मोटारीच्या पायरीवर बसले होते, भाजलेला हात मांडीवर उलटा ठेवून, आणि मैदानाच्या पलीकडं बघत होते.

मोटार बैल लावून घरी आणली. गल्लीतून जाताना लोकांनी दारात येऊन बघितलं. अम्मानं तळव्याला तूप लावलं, काय झालं ते उस्मानचाचांकडून ऐकून घेतलं, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाली, "त्यो डबा म्या भायेर ठिवला. माजीच अवदसा." मला ते सहन झालं नाही. मी नायनांपुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "नायना, खळ म्या लावली. अम्माला ठावं न्हवतं. उस्मानचाचांना म्या खोटं सांगितलं." त्यांच्या हातात त्या निळ्या तारेचा तुकडा होता. टोकाला थोडं सूत राहिलं होतं. त्यांनी ते जिभेला लावलं. ताणा पाजायच्या आधी खळ जिभेनं बघायची त्यांची जुनी सवय होती.

"जोंधळ्याची," ते म्हणाले. एवढंच. तार खुंटीला अडकवली आणि पाय धुवायला गेले.

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. निदान ओरडायला हवं होतं. मी दोन दिवस त्या माराची वाट बघितली आणि तो येत नाही म्हणून नायनांवरच चिडले. परसातला लाखेचा डबा अजून भरलेला होता. मी त्याच्याकडं बघायची आणि मला रडू यायचं, आणि रडताना स्वतःचीच लाज वाटायची. माझा नातू परवा त्याच्या गाडीची कुठलीशी तार उंदरानं खाल्ली म्हणून हसत सांगत होता. मी उठून आत गेले. आजी अशी का वागली ते त्याला कळलं नाही.

सोमवारी सकाळचा भोंगा झाला तेव्हा नायना काकांबरोबर दारातून बाहेर पडले. अम्मानं फडक्यात भाकरी बांधून दिली होती. ते पहिल्यापासून विणकर होते म्हणून त्यांना मागावर घेतील असं आम्हाला वाटलं होतं, पण तिथं जागा नव्हती. संध्याकाळी ते परत आले तेव्हा मी ओसरीत बसले होते. ते माझ्या शेजारून गेले आणि तो वास मला लगेच ओळखू आला. त्यांना सुताला खळ पाजण्याच्या खात्यात टाकलं होतं. मोठाल्या हौदांत वाफेवर खळ शिजायची, आणि ती ढवळायचं काम त्यांच्याकडं होतं. सदऱ्याला, केसांना, भाजलेल्या तळव्यावरच्या फडक्याला, सगळीकडं तो वास. पुढं कितीतरी वर्षं ते त्याच वासानं घरी येत राहिले.

त्या पहिल्या संध्याकाळी ते जेवायला बसले. मी भाकरी वाढायला वाकले. त्यांनी वर बघितलं नाही. एक घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तिथली खळ लई वाईट हाय. निस्त्या गुठळ्या." मी तशीच वाकलेली राहिले. मग ते म्हणाले, "तुजी चांगली शिजली हुती."